मशीन कुठं ठेवायची

देवगाव फाट्यावर पाथरीच्या गाडीची वाट बघत एक जण मांडीवर कर्णा घेऊन बसला होता, आणि मला त्याच्याशी भांडायचं होतं.

त्याला मी ओळखत नव्हते. त्याच्या पायाशी ठेवलेली लाकडी पेटी मात्र लांबूनच ओळखली. तिच्यावर निळ्या रंगात लिहिलेलं होतं, ‘नागनाथ साऊंड सर्व्हिस, पाथरी’. याच पेटीतल्या मशीननं शेजारच्या गावच्या भीमजयंतीत माझी पार शोभा केली होती. नामांतराचं गाणं मी म्हणते. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव अजून लागायचं होतं, त्यामुळे त्या गाण्याची वाट लोक सालभर बघायचे. त्याचं शेवटचं कडवं वर चढत जातं, आणि गाताना माझं समोर कुणाकडं लक्ष नसतं. मी वर पोचले की कर्णे गप्प! खाली उतरले की सुरू. पुन्हा वर गेले, पुन्हा गप्प. माझ्यामागून तिघांनी गाणी म्हटली, त्यांच्या वेळी मशीन शहाण्यासारखी वागली. झालं... लोकांनी निकाल लावून टाकला. सत्यशीलाचा आवाज मशीनला सोसत नाही!

माझा आवाज मोठा आहे, मला कबूल आहे. मी घरात पाणी मागितलं तर शेजारच्या काकू तांब्या घेऊन येतात. पण म्हणून काय मशिनी बंद पाडायची ताकद माझ्यात आहे?

"ही मशीन तुमचीच का?" मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

त्यानं वर पाहिलं, आणि मांडीवरचा कर्णा घसरून धाडकन खाली पडला.

"माझीच."

"मग तिला दवाखान्यात न्या. माझ्या गाण्यात मुकी होती ती."

"तुमी... सत्यशीलाबाई?"

"बाई न्हाई. सेलूला कॉलेजात हाय मी अजून."

"वर बघायच्या आधीच, आवाजावरून वळखलं."

"त्यात काय नवल? अख्ख्या फाट्यानं वळखलं असंल."

तो हसला. हसताना मान खाली घालायची त्याची पद्धत होती, आणि ती मला आवडली, म्हणून मी आणखीच चिडले.

"हसू नका. येत्या रविवारी आमच्या गावची जयंती हाय. मशीन तुमचीच सांगितलीय. आन् आमचे माणिककाका, कमिटीचे अध्यक्ष, म्हणायलेत की परभणीहून गायिका आणू. म्हंजे माझं गाणं, माझ्याच गावात, दुसरी कुणीतरी म्हणनार... आन् मी खाली बसून टाळ्या वाजवायच्या!"

त्याचं हसू गेलं. त्यानं कर्णा उचलून त्याची धूळ झटकली.

"मी शनिवारीच येतो," तो म्हणाला. "दोष हुडकून काढू. पर तुमाला गावं लागंल. हा दोष मोठ्या आवाजातच दिसतो."

"किती मोठ्या?"

"हाय तेवढ्या. जरा बी कमी करू नका."

जन्मल्यापासून मला असं कुणी म्हटलं नव्हतं. आई, मास्तर, एसटीतला कंडक्टर, सगळ्यांनी आजवर उलटंच सांगितलं होतं. पाथरीची गाडी आली, तो पेटी आणि कर्णा सावरत चढला, गाडी धूळ उडवत गेली... आणि मग माझ्या लक्षात आलं की भांडण तर राहूनच गेलं.

शनिवारी दुपारी विहारासमोर स्टेजची बांधाबांध चालली होती. वरचं कडुलिंब फुलावर आलेलं, सगळ्या अंगणात त्याचा कडवट गोड वास. लाइटीचा भरवसा नसल्यानं आमच्याकडे कार्यक्रम ट्रॅक्टरच्या बॅटरीवर होतात. तो ट्रॅक्टर स्टेजच्या मागं लावलेला. त्यानं, म्हणजे पेटीवरच्या नागनाथनं, मशीन मात्र स्टेजच्या पुढं मांडली, बाया बसतात तिथं. शेजारच्या गावात मांडली होती अगदी तशीच, आणि स्टेजखालून लांब तार ओढून बॅटरीला जोडली. माझी आई, सरजाबाई, ओट्यावर तांदूळ निवडायला बसली. तांदूळ आपला निमित्ताला.

"म्हणा," तो म्हणाला.

मी कडवं चढवलं. कर्णे गप्प झाले.

त्यानं माईक बदलला. "म्हणा." गप्प. एक कर्णा काढून ठेवला. "म्हणा." पुन्हा गप्प. मशीनवर हात ठेवून पाहिला, तापली नव्हती. बटणं फिरवली, जोड घट्ट केले. "म्हणा... आन् एकदा म्हणा..."

"दोष हुडकायलात की फुकटात गाणं ऐकायलात?"

"दोन्ही," तो म्हणाला. बेरड कुठला!

पुढच्या वेळी मी गाता गाता त्याच्याकडं नीट पाहिलं. मी वर चढले आणि तो माझ्याकडं बघत राहिला, पापणी न हलवता. म्हणून मी नजर खाली वळवली, तर ती मशीनवर गेली. तिच्या तोंडावर एक लाल बारका दिवा होता. माझा आवाज चढला तसा तो मंद झाला, पार विझायला आला, आणि कर्णे गप्प झाले. मी थांबले, दिवा पुन्हा टवटवीत!

"अहो, दिवा बघा दिवा! मी वर गेले की तो बसतो. तुमाला कसा दिसला न्हाई?"

तो कानापर्यंत लाल झाला. "माझं... तिकडं ध्यान नव्हतं."

"तेच तर म्हणते! माझ्याकडं काय बघता? दोष माझ्या तोंडावर हाय का?"

ओट्यावर आई खोकली. मी पुन्हा गायले, आणि यावेळी त्यानं बिचाऱ्यानं मान वाकवून फक्त दिवा पाहिला. मग तो उठला आणि बॅटरीकडून येणाऱ्या तारेवरून बोटं फिरवत गेला. तार बारीक, घरातल्या घंटीला लावतात तसली, आणि जोडापाशी चटका बसावा इतकी गरम. त्यानं मशीन उचलून मागं ट्रॅक्टरपाशी नेली, पेटीतून बोटाएवढी जाड तार काढली आणि बॅटरीला जोडली.

"म्हणा," तो मागून ओरडला.

मी म्हटलं. शेवटचं कडवं, वरपर्यंत, अगदी जीव ओतून. कर्णे खणखणीत वाजले. खांब रोवणारी माणसं हातातलं काम टाकून उभी राहिली.

तेवढ्यात माणिककाका आले. मोजकं बोलणारे, पण एकदा प्रश्न विचारला की सोडत नाहीत.

"झाली का दुरुस्त? कशानं बिघडली होती?"

"तार बारीक होती, काका," नागनाथ म्हणाला. "मोठ्या आवाजाला करंट जास्ती लागतो. बारीक तारेतून तेवढा येत न्हाई, मशीन उपाशी पडती."

"जाड तार तर तुमच्यापाशी हाय की."

"ती आखूड हाय. मशीन मागं ठेवली तरच पुरती."

"दरसाल कुणाची बी मशीन असू दे, मागंच असती. औंदा पुढं कुणी आणाय सांगितली?"

नागनाथनं घट्ट असलेला जोड पुन्हा घट्ट केला.

"सांगा की. कारण नक्की कळलं न्हाई तर उद्या भर कार्यक्रमात पुन्हा बंद पडंल. मी परभणीला निरोप धाडतो. आपल्याला धोका नगं." काका वळले.

गाणं हातचं चाललं होतं.

"काका, थांबा." नागनाथचा आवाज घोगरा झाला होता, पण पाय घट्ट रोवलेले. "गेल्या साली पाथरीला ह्यांनी हेच गाणं म्हणलं. मी मशीनपाशी, स्टेजच्या मागं. समदं ऐकलं, पर ह्या दिसल्याच न्हाईत. बाहेर येस्तोवर ह्यांची जीप गेली. सालभर तो आवाज डोक्यातून जाईना... म्हणून औंदा मशीन पुढं घेतली. गाताना बघावं म्हणून. तार पुरंना, तर घरात घावली ती जोडली. दोष माझा हाय. ह्यांच्या आवाजात काय बी दोष न्हाई."

आईच्या हातातलं सूप जागच्या जागी थांबलं. काकांनी आधी त्याच्याकडं, मग माझ्याकडं, मग उगीचच लिंबाकडं पाहिलं. आणि मी, शेजारच्या गल्लीपर्यंत बोलणारी मी, माईकची तार बोटाला गुंडाळत राहिले.

"परभणीला निरोप नगं," काका शेवटी म्हणाले. "पर मशीन मागं. ट्रॅक्टर काय बायांमधी उभा करता येत न्हाई."

"मागंच ठेवतो," नागनाथ म्हणाला. मग माझ्याकडं न बघता, हळूच, "तुमी बिनघोर म्हणा. दिसलं न्हाई तरी चालंल मला."

रविवारी संध्याकाळी मांडव फुलून गेला होता. मी गाणं म्हटलं. शेवटच्या कडव्याला म्हाताऱ्या बाया गुडघ्यावर हात देऊन उभ्या राहिल्या, पोरं मुठी उंच करून घोषणा द्यायला लागली, आणि कर्णे एकदाही अडखळले नाहीत. माझा आवाज पार फाट्याच्या रस्त्यापर्यंत गेला असणार. आयुष्यात पहिल्यांदा मी तो कुठंही आवरला नाही.

टाळ्या थांबायच्या आत मी कनात सारून मागं गेले. भाषणं सुरू व्हायच्या आधी बॅटरी जरा भरून घ्यावी म्हणून त्यानं ट्रॅक्टर चालू केला होता. धडधड, धूर, आणि त्यात तो उभा. मला बघून त्यानं हातातला पाना पाठीमागं लपवला, का ते त्यालाच ठाऊक.

तो काहीतरी बोलला. मला ऐकू आलं नाही.

"मोठ्यानं बोला!"

"म्हणलं, आमच्या घरात समदे लय हळू बोलतेत!" तो ओरडला. "तुमाला करमंल का?"

बघा, विचारायचं ते सोडून माणूस थेट संसारापाशी पोचला होता! मला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं.

"बोलू द्या हळू! मी कान देऊन ऐकीन. तुमी तेवढं मला हळू बोल म्हणू नका!"

"कवाच म्हणनार न्हाई!"

"मग उद्याच वडलांना घेऊन घरी या!"

"आन्... तुमचं काय म्हणनं हाय? तुमचं स्वतःचं?"

त्यानं ट्रॅक्टर बंद करायला हात पुढं केला. मी तो धरला आणि तसाच धरून ठेवला. मला थांबायचं नव्हतं.

"मला तुमी आवडता!" त्या सगळ्या धडधडीच्या वरताण आवाजात मी सांगितलं.

मांडवातल्या बायांनी माना वळवून कनातीकडं पाहिलं. बघू देत.