गोळ्यावरचा तीनचा आकडा

“आणखी एकदा टाक, दिपा! म्हणे खांदा दुखतो! नखरे नकोत!” हरीश सरांनी निंबाच्या सावलीतूनच आवाज दिला.

दिपाने लहान मुलींचा तीन किलोचा गोळा मानेला टेकवला, दात घट्ट आवळले आणि जोर लावला. खांद्यातून पार पाठीपर्यंत कळ गेली. गोळा धप्पकन पडला. जेमतेम साडेचार मीटर! सुट्टीतल्या या शिबिराआधी हीच दिपा शाळेत सात मीटर सहज टाकायची.

तिच्यामागून दहावीत जाणाऱ्या विकासने मोठ्या मुलांचा पाच किलोचा गोळा भिरकावला. “अकरा मीटर! नवा विक्रम!” म्हणत तो मैदानभर नाचला. डोंगरकडा गावात हे ऐकलं नाही असं घर उरलं नव्हतं.

संध्याकाळी तांड्यावर दिपाला वेणी घालता येईना.

“बा, दिपाचा हातच वर जाईना!” धाकटा भाऊ सेवा ओरडला.

“बारा वर्साच्या पोरीला कसली आली पाठदुखी?” तिचे बा, प्रेमदास, हसले. “शिबिराचा कंटाळा आला असंल!”

दिपाने अर्धी वेणी तशीच सोडून दिली. कंटाळा? महिन्याभराने हिंगोलीला जिल्ह्याची निवड होती. तिला तर झोपेतही गोळाच दिसायचा! पण आपण खोटं बोलतो असं बाला वाटतं, याचं दुःख खांद्याहून जास्त होतं.

दुसऱ्या दिवशी तिची मैत्रीण राजनंदिनीने तिला हातपंपाजवळ गाठलं. “रडून काहून राहिलीस? कवापासून दुखतंय?”

“शिबिराच्या दुसऱ्या दिवसापासून.”

“आन् विकासदादाचे विक्रम कवापासून?”

“शिबिरापासूनच की!” पंपाचा दांडा मारत सेवा म्हणाला, आणि तिघांच्याही मनात एकच शंका आली: गोळेच तर बदलले नाहीत?

राजनंदिनी धावत सरांकडे गेली. “सर, गोळे मातीनं माखलेत. धुऊन आणू?”

“शाब्बास! अशी शिस्त पाहिजे!” मोबाइलमधून मान वर न करता सर म्हणाले.

गोळे हातपंपाशी थांबलेच नाहीत! दोन दप्तरांत बसून ते रस्त्यापलीकडच्या हळदीच्या आडतीवर पोचले. तिथे दगडोबा काका काट्यावर पोती मोजत होते.

“काका, एवढे गोळे मोजा ना!”

तीनचा आकडा रंगवलेला दिपाचा गोळा काट्यावर ठेवला. लाल आकडे लुकलुकले आणि स्थिरावले. पाच किलो!

“काटा चुकत असंल,” सेवा म्हणाला.

“माझा काटा?” काका खवळले. त्यांनी मिठाचा बंद पुडा काट्यावर ठेवला. बरोबर एक किलो! मग विकासचा गोळा ठेवला. तीन किलो!

राजनंदिनीने दिपाच्या गोळ्यावरचा रंग खिळ्याने खरवडला. खाली लोखंडात ‘५’ कोरलेला होता!

“म्हंजे मी नाटक करत नव्हते!” दिपाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसूही लागली.

“पण सर काट्यापाशी येतील का?” सेवाला शंका आली.

“येतील! तू बाला घेऊन ये,” दिपा म्हणाली. मग मैदानाच्या फाटकातून तिने हाक मारली, “सर! विकासदादाच्या विक्रमी गोळ्याचं वजन लोकांसमोर होणार हाय! लवकर या!”

सर केस नीट करत आले. विकास तर पळतच आला! सेवाने शेतातून बाला ओढत आणलं होतं. दगडोबा काकांनी एकेक गोळा काट्यावर ठेवला. तीनच्या गोळ्याचे पाच किलो, पाचच्या गोळ्याचे तीन!

“म्हणजे माझा विक्रम…?” विकासने आपला गोळा काट्यावरून उचलून पाहिला.

“लहान पोरींच्या गोळ्याचा!” सेवा म्हणाला, आणि आडतीवर हशा पिकला.

हरीश सर हसले नाहीत. “रंग मीच दिला,” ते हळूच म्हणाले. “आकडेही मीच घाईत टाकले. एकदा उचलूनसुद्धा पाहिलं नाही. दिपा, तू सांगत होतीस आणि मी त्याला नखरे म्हणालो. चुकलं माझं.”

सरांनी तेव्हाच मोटारसायकल काढली आणि बापलेकीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी खांदा फिरवून, पाठ दाबून पाहिली, एक्स-रे काढला. “हाड शाबूत आहे. स्नायूंवर ताण आलाय. वाढत्या वयातल्या खांद्याला एवढं ओझं झेपत नाही. तीन आठवडे गोळ्याला हात लावायचा नाही! मग हळूहळू सुरुवात. आणि दुखलं की लगेच सांगायचं.”

बाहेर आल्यावर प्रेमदासांनी लेकीच्या खांद्यावरचं दप्तर स्वतःकडे घेतलं. “मलाबी खरं वाटलं न्हाई, बाई,” एवढंच ते बोलले. दिपाला तेवढं पुरे झालं.

तीन आठवडे तिने सरांनी दिलेली शिट्टी फुंकली आणि इतरांचे पल्ले मोजले. विकासचा खरा पल्ला सात मीटर निघाला. “हरकत न्हाई, आता इथून पुढं मोजायचं!” असं म्हणून तो रोज सर्वांआधी मैदानात येऊ लागला.

निवडीच्या दिवशी हिंगोलीच्या मैदानावर दिपाच्या हाती गोळा आला. तिने तो तळहातावर तोलला आणि पंचांकडे पाहून म्हणाली, “तीनच हाय!”

“हाताने कळतं तुला?” पंचांना नवल वाटलं.

“तिला कळतं!” मागून हरीश सर म्हणाले. “मला कळलं नव्हतं. माझी चूक या तीन पोरांनी पकडली.”

दिपा वळली, गोळा सुटला. कुठेही कळ आली नाही! आठ मीटर वीस! तिचा दुसरा नंबर आला, जिल्ह्याच्या संघात नाव लागलं. पंचांनी राजनंदिनी आणि सेवालाही पुढे बोलावून पाठ थोपटली. तेवढ्यात कुंपणापलीकडून प्रेमदासांचा आवाज साऱ्या मैदानावर घुमला, “माझी पोरगी हाय ती! माझी!”