मोहोळाचं पान कुठे गेलं?

केतकी बेंडाळेने सकाळी शोधयंत्राला विचारलं, की जळगावात मधमाश्यांचं मोहोळ न जाळता कोण हलवून देतं? बरीच नावं आली. धूर करणारे आले, औषध फवारणारे आले, मधाच्या बाटल्या विकणारेही आले. तिच्या आईचं नाव मात्र आलं नाही. काल दुपारपर्यंत ते सगळ्यांच्या वर होतं. केतकीने यादी खाली, आणखी खाली, जिथे सहसा कोणी फिरकत नाही तिथपर्यंत पाहिली. आईच्या कामाची माहिती देणारं पान नाहीसंच झालं होतं.

ही गोष्ट थोड्याच वर्षांनंतरची आहे. जळगावात तोवर उंच इमारती झाल्या होत्या आणि आग्या माश्यांना त्या पसंत पडल्या होत्या. गच्चीच्या कडेला, पाण्याच्या टाकीखाली त्यांची मोहोळं लटकायची. लोक घाबरायचे आणि टेंभा लावून मोकळे व्हायचे. केतकीची आई अर्चना मात्र मऊ हातांच्या एका यंत्राने आख्खं मोहोळ अलगद उतरवायची आणि शहराबाहेरच्या झाडावर नेऊन लावायची. अडचण एकच होती. टेंभा पेटण्याआधी कोणीतरी तिला बोलवायला हवं, आणि त्यासाठी ती लोकांना सापडायला हवी. पान नसेल तर ती सापडणार कशी?

केतकी तडक जिल्हा ग्रंथालयात गेली. शोधयंत्र ग्रंथालयच चालवायचं, आणि तक्रारी ऐकायला तिथे पारखी नावाचा यंत्रमानव बसायचा. पारखीला राग येत नसे, त्यामुळे भांडायला येणाऱ्यांची पंचाईत व्हायची. केतकीने त्याला सुनावलं, की तुमचं यंत्र बिघडलंय. पारखीने तिच्या आईचं पान पडद्यावर उघडलं आणि पांढऱ्या पानाचा रंग काळा केला.

आता पानाच्या तळाशी पांढरी अक्षरं दिसू लागली. साप, विंचू, वाळवी, उंदीर, माकड, झुरळ. तेच शब्द पुन्हा पुन्हा, ओळींमागून ओळी. केतकीचं तोंड एवढंसं झालं. पांढऱ्यावर पांढरं लिहिलं की माणसाला दिसत नाही आणि यंत्राला दिसतं, ही युक्ती तिचीच होती; कोणी काहीही शोधलं तरी आईचं नाव वर यावं म्हणून. शिवाय तिने खोट्या नावांनी छोटी छोटी पानं बनवून त्यांवर आईची स्तुतीही लिहिली होती. आईला यातलं काही माहीत नव्हतं.

पारखीने मग सगळं पहिल्यापासून सांगितलं. शोधयंत्राकडे फिरते वाचक (पानापानावर जाऊन मजकूर वाचणारे प्रोग्राम) असतात. त्यांनी वाचलेल्या शब्दांची सूची (कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची नोंद) तयार होते. कोणी काही विचारलं की सूचीतून पानं निघतात आणि त्यांची क्रमवारी (कोण वर, कोण खाली हे ठरवण्याची रीत) लागते. त्यासाठी पान कशाबद्दल आहे ते पाहतात, आणि दुवेही (एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारे रस्ते) पाहतात. बाकीच्यांनी आपणहून दुवा दिला, तर पान उपयोगी असावं असं यंत्र धरून चालतं.

केतकी हिरमुसून म्हणाली, की मग मी वेगळं काय केलं? शब्द दिले, त्या छोट्या पानांवरून दुवेही दिले.

पारखीने उलट तिलाच विचारलं, "झाडाच्या ढोलीत राहणाऱ्या सातेरी माश्यांचा थवा नवं घर कसं शोधतो?"

हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. टेहळ्या माश्या ढोल्या बघून येतात आणि थव्यावर नाचून पत्ता सांगतात. ढोली जितकी चांगली, तितका नाच जोरात.

"आणि एखादी माशी ढोली नसलेल्या जागेसाठीच नाचली तर?"

"काही होणार नाही. बाकीच्या स्वतः जाऊन बघतात. ढोली नसेल तर त्या..." केतकी थांबली. "त्या परत येऊन नाचत नाहीत."

"तुझ्या पानाच्या बाजूने नाचणारी तू एकटीच होतीस. जाऊन बघणाऱ्याला तिथे साप पकडणारं कोणी सापडलं नाही," पारखी म्हणाला.

कोण बघायला गेलं होतं, तेही त्याने सांगितलं. लोक हल्ली पानं उघडून वाचत बसत नाहीत. हातातल्या फोनमधला मदतनीस पहिल्या नावाला परस्पर निरोप धाडतो, नुसता पत्ता आणि 'मदत हवी' एवढाच. काल दुपारी असाच निरोप भुसावळ रस्त्यावरच्या एका घरातून तिच्या आईला गेला. तिथे स्वयंपाकघरात साप होता. त्या घरच्यांनीच नंतर तक्रार केली आणि पान सूचीतून काढलं गेलं.

पुढचं केतकीला ठाऊक होतं. आधी आलेल्याकडे आधी जायचं, हा आईचा नेम. काल ती घाईने कुठेतरी गेली होती. सर्पमित्र येईपर्यंत त्या घाबरलेल्या माणसांना सोडून तिला निघता आलं नसणार. तेवढ्यात मुलींच्या वसतिगृहातून दुसरा निरोप आला होता. तिथे तासभर वाट पाहून लोकांनी टेंभा लावला. रात्री आई जेवली नव्हती. मोहोळ जळलं, एवढंच म्हणाली होती.

केतकीला रडू आलं. पारखीने तिला रडू दिलं.

घरी जाऊन तिने आईला सगळं सांगितलं. आई बराच वेळ यंत्राचे मऊ पंजे पुसत राहिली. ती रागावली होती, आणि तसं तिने सांगितलंही. मग म्हणाली, "लपवलेलं सगळं काढ. आणि काल काय झालं ते लिही. दिसेल असं."

नवं पान बनवायला दोघी बसल्या. लपलेले शब्द गेले, खोटी पानं गेली. आई कुठल्या गावांपर्यंत जाते, मोहोळ उतरवायला किती वेळ लागतो, तोवर लोकांनी काय करू नये, हे साध्या भाषेत आलं. साप निघाला तर कोणाला बोलवायचं, तेही आलं. ज्यांची मोहोळं आईने हलवली होती, त्यांना केतकीने विचारलं, की वाटलं तर तुमच्या शब्दांत लिहाल का? काहींनी लिहिलं, काही विसरले. एकाने फार उशीर लागतो असं लिहिलं. तेही तिने राहू दिलं.

पारखीने पान पुन्हा तपासून सूचीत घेतलं. वर चढवणं आपल्या हातात नाही, हे त्याने आधीच स्पष्ट केलं. पान खूप खाली आलं. केतकी रोज बघायची. ते मुंगीच्या पावलांनी वर सरकत होतं.

एका सकाळी एरंडोलहून एका गृहस्थांचा फोन आला. शाळेच्या टाकीखाली मोहोळ होतं आणि माणसं टेंभे घेऊन शिडीवर चढली होती. गृहस्थांनी वरची नावं सोडून हे पान वाचलं होतं.

"इथे लिहिलंय, की तुमच्या पानावर खोटं होतं आणि त्यामुळे एक मोहोळ जळलं. हे खरं आहे?"

आईने केतकीकडे पाहिलं आणि फोन तिच्या हातात दिला.

"खरं आहे," केतकी म्हणाली. "ते मी लिहिलं होतं."

मग गृहस्थ कोणाला तरी म्हणाले, की खाली उतरा रे, विझवा ते.

"या तुम्ही. आम्ही थांबतो," ते केतकीला म्हणाले.