शंभूराजशेजारचा फोटो

सृष्टी माधवनगरच्या त्या दुकानात शिरली ती भांडायला, आणि शिरली तीही चुकीच्या दुकानात. फ्लेक्स छापणारी दोन दुकानं भिंतीला भिंत लागून होती. रंगाची वाट लावली होती शेजारच्यानं, ऐकून घेतलं मल्हारनं.

“हा निळा हाय?” तिनं छापलेला फ्लेक्स काउंटरवर आपटला. “सांगा ना, ह्याला निळा म्हणायचं?”

“जांभळा हाय,” मल्हार शांतपणे म्हणाला.

“मग?”

“मग काय? मी छापलेला न्हाई, मॅडम. पण शेजारी जायच्या आधी फाइल तेवढी दाखवा… हे बघा, निळ्यात गुलाबी लय घातलाय तुमी. तो कमी केल्याबिगर ह्यो निळा कुणाच्याच मशीनवर निळा येणार न्हाई.”

म्हणजे शेजाऱ्याची नव्हे, चूक आपलीच! सृष्टी कानापर्यंत लाल झाली — आणि मग खळखळून हसली. त्या हसण्यानं मल्हारचं जे व्हायचं ते होऊन गेलं.

सृष्टी साताऱ्यात घरी बसून ग्राफिक डिझाइनची कामं करायची; छपाई स्वस्त पडते म्हणून सांगलीजवळच्या माधवनगरात करून घ्यायची. हळदीच्या पिशव्या, लग्नपत्रिका, कुस्ती मैदानांची पोस्टरं. केलेलं काम इन्स्टाग्रामवर टाकायची आणि सोबत एखादी उपयोगी टीप. ‘निळ्यात गुलाबी कमी ठेवा’ ही टीप दुसऱ्याच दिवशी झळकली. मल्हारनं ती जतहून आलेल्या आईला कौतुकानं दाखवली. आई म्हणाली, “पोरगी कुठं दिसत न्हाई व्हय रं ह्यात?”

तेव्हापासून तिची सगळी छपाई मल्हारकडे. मशीनवरून फ्लेक्स सरकत असायचा आणि कानाला फोन. वर्षभरात तुमचं-आमचं जाऊन तुझं-माझं झालं.

“अक्षर केवढं ठेवू रे?”

“रस्त्यापल्याडच्या मोटरसायकलवाल्याला न थांबता वाचता आलं पायजे, तेवढं.”

की संध्याकाळी ते पोस्टवर. अठरा हजार माणसं वाचायची. दोघांतली गोष्ट ती गावभर वाटते, असं मल्हारला वाटायचं. तेही त्यानं चालवून घेतलं असतं, पण त्या अठरा हजारांत एक शंभूराज होता.

कऱ्हाडजवळचा, घरचा पंचवीस एकर ऊस, उंचापुरा, डोळ्यांवर गॉगल. प्रत्येक टिपेखाली पहिला तोच. ‘एक नंबर, सृष्टी!’ आणि पुढे लालभडक बदाम. मॅडम नाही, ताई तर नाहीच… नुसतं सृष्टी! मल्हारचा तिळपापड व्हायचा. ह्याला निळ्या-जांभळ्यातलं काय कळतंय? मल्हारही काहीतरी छानसं लिहायचा — आणि पुसून टाकायचा.

“शंभूराज कोण गं?” एकदा त्यानं अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“गिऱ्हाईक. त्याच्या दादांच्या वाढदिवसाचा बोर्ड करतीय.”

“बरा दिसतोय.”

“दिसतोय की! का रे?”

“न्हाई… सहज.”

ती पलीकडून हसली. मल्हारनं त्या हसण्याचा नेमका उलटा अर्थ काढला आणि दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

मग त्या बोर्डाची फाइल आली. अशा बोर्डावर मध्ये वाढदिवसवाले आणि खाली गोलात शुभेच्छुकांचे फोटो. कोण कुणाशेजारी, यावरून भाऊबंदकी पेटते. म्हणून छापण्याआधी मल्हार एकेक चेहरा तपासायचा, शंका आली तर सृष्टीला विचारायचा. त्या दिवशी तिसऱ्या गोलावर त्याची नजर थांबली. शंभूराजला अगदी खेटून, पिवळ्या ड्रेसात… सृष्टी.

एक मेसेज केला असता तर भागलं असतं. पण असल्या गोष्टी काय विचारायच्या? ठरलं असेल दोघांचं. “मॅडमची मर्जी!” तो मशीनलाच म्हणाला आणि छापून मोकळा झाला. रंग मात्र चोख काढले.

बोर्ड चढला त्याच सकाळी फोन आला.

“मल्हार, माझा फोटो लागलाय कऱ्हाडच्या चौकात!” तिचा आवाज रडवेला होता. “शंभूराजच्या चुलत्यांचा, तात्याबांचा फोटो यायचा हुता. तवर जागा धरायला माझा टाकला आन् बदलायचा राहिला. तात्याबा रुसून घरात बसलेत. आमच्या आबांना लोक फोन करून विचारतात, सोयरीक ठरवली आन् आमाला सांगितलं न्हाई? आबा म्हणतात, आजपासनं हे काम बंद… तू तर एकेक चेहरा बघतोस. तुला दिसला न्हाई?”

‘नाही’ म्हटलं की सुटला असता. मल्हारनं डोळे मिटले.

“दिसला.”

“मग?”

“शंभूराजशेजारी दिसला… म्हणून विचारलं न्हाई.”

फोन कट झाला.

तात्याबांचा फोटो शंभूराजकडून मागवून मल्हारनं बोर्ड पुन्हा छापला, मोटरसायकलला बांधला आणि थेट चौक गाठला. बारीक भुरभुर सुरू होती. शिडी लावून त्यानं जुना फ्लेक्स उतरवला, नवा ताणून बांधला. खाली ही गर्दी. तात्याबा स्वतःचा फोटो बघायला आले होते, शंभूराज होता आणि सृष्टीला घेऊन तिचे आबा — निवृत्त सुभेदार, ताठ उभे.

मल्हार उतरून सरळ त्यांच्यापुढं गेला. “आबा, तिचं काम बंद करू नका. तिची नजर चुकली, पण मला दिसलं हुतं. विचारणं माझं काम. मी बघून गप बसलो.”

“का गप बसलास?”

सगळा चौक ऐकत होता. मल्हारनं एकदा सृष्टीकडं पाहिलं.

“जळलो, आबा.”

आधी तात्याबा हसले, मग शंभूराज, मग सगळेच. आबा हसले नाहीत. त्यांनी मल्हारला आपादमस्तक न्याहाळलं आणि लेकीला म्हणाले, “काम चालू ठेव. पण फाइल दोनदा बघत जा.” आणि तात्याबांना घेऊन चहाच्या टपरीकडं वळले.

“विचारायला काय झालं हुतं तुला?” सृष्टीचे डोळे अजून लालच होते.

“तू व्हय म्हणाली असतीस तर…?”

“माझं काम सुटलं असतं आज, मल्हार!”

“चुकलो. लय चुकलो.”

“आन् जळायचं कशाला? मला काय टिपा सापडत न्हाईत व्हय? रोज एक टाकायची म्हणजे रोज तुला एक फोन करायला मिळतो. वर्षभर… एवढंबी कळलं न्हाई?”

मल्हारच्या केसांतून पाणी निथळत होतं, ते पुसायचंही भान नव्हतं.

“आता ह्या जुन्या फ्लेक्सचं काय करणार?” तिनं त्याच्या काखेतल्या गुंडाळीकडं बोट दाखवलं.

“शंभूराजला कापून टाकणार.”

“आन् मला?”

“तुझा फोटो… विचारूनच लावीन म्हणतो. आमच्या घरी लावला तर चालंल?”

सृष्टीनं टपरीकडं पाहिलं. आबांची पाठ होती. ती एक पाऊल पुढं आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली,

“एकटीचा?”