त्रेसष्ट किलो

विश्रामबागेतल्या दवाखान्यात सकाळी फारशी गर्दी नव्हती. डॉक्टरांनी भरतेशचा उजवा गुडघा वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला आणि आपणच बसवलेलं दार नीट लागतंय हे बघणाऱ्या सुतारासारखे खूश झाले.

"चालायला, जिने चढायला, विमानातले पेडल दाबायला आता काही हरकत नाही," ते म्हणाले. "मी तसं लिहून देतो. पुढचं बंगळूरचे लोक बघतील."

बंगळूरला वैमानिकांची मोठी तपासणी होते. तिथून तंदुरुस्तीचा दाखला मिळाल्याशिवाय भरतेशला कुठल्याही विमानाला हात लावता येणार नव्हता. जवळजवळ वर्ष होत आलं होतं. तासगावात त्यांची गल्ली अशी की आभाळात कुठलंही विमान दिसलं, अगदी मुंबईहून बंगळूरला जाणारं का असेना, की कुणीतरी हमखास म्हणायचं, "त्यो बघा, जयपालआण्णांचा भरतेश चालला." त्याचं विमान उसात कोसळल्यापासून वरून दुसरं विमान गेलं की गल्ली गप्प बसायची. गुडघ्यातल्या सळईपेक्षा त्याला ते गप्प बसणं जास्त टोचायचं. त्याला परत उडायचं होतं, बाकी काही नको होतं.

"जाता जाता वजन करून घ्या," डॉक्टर म्हणाले.

कोपऱ्यात वजनाचं यंत्र होतं. भरतेश त्याच्यावर उभा राहिला. आकडा चढत गेला आणि एकशे चौतीसवर थांबला.

डॉक्टर हसले. "आमच्या काट्यालाच बंगळूरला पाठवायला हवं. उतरा, परत चढा."

दुसऱ्या वेळी एकाहत्तर आले. डॉक्टरांनी एकाहत्तर लिहिले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

दुसरा कुणी असता तर फाटकाबाहेर पडेपर्यंत हे विसरला असता. पण भरतेश कऱ्हाडजवळच्या धावपट्टीवर पोरांना विमान चालवायला शिकवायचा आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्याकडून एक गोष्ट घोकून घ्यायचा. ढगात शिरलात की शरीर खोटं बोलतं. कान सांगतो, आपण सरळ चाललोय, आणि विमान कलंडत असतं. अशा वेळी यंत्र सांगेल ते खरं. आता त्याने आपल्या शरीराला विचारून पाहिलं, जड वाटतंय का? अजिबात नाही. उलट कित्येक महिन्यांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. नेमकं हेच त्याला आवडलं नाही.

स्कूटर बाहेर लिंबाखाली होती. मागे बसणाऱ्याने पाय ठेवायच्या दोन्ही दांड्या बाहेर आलेल्या होत्या. त्याने त्या पायाने आत ढकलल्या आणि निघाला. तासगावच्या रस्त्याला खड्डा आला की डबलसीट असल्यासारखं मागचं चाक घासत होतं. तो घराशी पोचला तेव्हा भाग्यश्री, त्याची बायको, दारातच उभी होती.

"कुणाला सोडून आलात?"

"कुणाला नाही. का?"

"वळणावर मला वाटलं, मागे कुणीतरी बसलंय." तिने डोळ्यांवर हात धरून रस्त्याकडे पाहिलं. "ऊन फार आहे."

त्याने स्कूटर स्टँडला लावली. दांड्या पुन्हा बाहेर होत्या.

दुपारी तो वडिलांच्या बेदाण्याच्या शेडवर गेला. जयपालआण्णांचा जन्म बेदाण्यात गेला होता. माणसाच्या शब्दापेक्षा त्यांचा आपल्या वजनकाट्यावर जास्त विश्वास. दरवर्षी वजनमापे खात्याचा शिक्का मारून घेतलेला, धंद्याच्या वेळात कधीही बंद न होणारा तो काटा त्यांच्या गादीशेजारीच होता. रोज संध्याकाळी बॉक्सची वजनं संपली की भरतेशची सहा वर्षांची ब्राह्मी त्याच्यावर उडी मारायची आणि आजोबा सौद्यातल्यासारखं ओरडायचे, "एकोणीस!" मग सगळी शेड हसायची.

आत्ता शेडमध्ये कुणी नव्हतं. गोडसर, गंधकाचा वास कोंदला होता. भरतेश सहज चढल्यासारखा काट्यावर चढला.

एकशे चौतीस.

जयपालआण्णांनी चष्मा वर केला. "खाली उतर." शून्य आलं. "चढ." एकशे चौतीस. मग त्यांनी गादीखालून वीस किलोचं शिक्क्याचं वजन ओढून काट्यावर ठेवलं. काट्याने बरोबर वीस दाखवले.

"काटा बरोबर हाय," ते सावकाश म्हणाले. व्यापाऱ्याचं डोकं, वजाबाकी आपोआप होऊन गेली. "त्रेसष्ट जास्त भरतंय."

छपराच्या पत्र्यावर कावळा चालत होता, त्याची नखं वाजत होती.

"इमान पडलं तवा तू एकटाच हुतास न्हवं?"

"एकटाच होतो, आण्णा."

"मग ज्यांनी तुला बाहीर काढलं त्यास्नी जाऊन भेट. वरीस झालं, अजून तू त्यांच्या दारात गेला न्हाईस."

ते खरं होतं. त्या दिवशी तो कोल्हापूरहून विमान घेऊन एकटाच परतत होता. हवा स्वच्छ, इंजिन पूर्ण जोरात, सगळी यंत्रं जागच्या जागी. आष्ट्याच्या अलीकडे विमान उजवीकडे कलायला लागलं, आणि त्याने सुकाणूचा दांडा डावीकडे किती दाबला तरी कलतच गेलं. उजवीकडची जागा रिकामी होती. चौकशीत यंत्रसामग्री निर्दोष निघाली. वाऱ्याचा झोत, असं अहवालात आलं. भरतेशनेही ते मान्य केलं, कारण दुसरं काही म्हणण्यासारखं नव्हतं.

विमान ज्यांच्या रानात पडलं त्या नाथाजी सुभेदारांचा ऊस आता पुन्हा डोक्याएवढा झाला होता. फौजेत जन्म काढलेला माणूस, पाठ अजून ताठ. भरतेशने बेदाण्याचा बॉक्स पुढे केला, तो त्यांनी दोन्ही हातांनी घेतला. अंबूबाईंनी चहा आणला आणि त्या दारातच थांबल्या.

"लय बरं वाटलं, साहेब. पाय झाला न्हवं चांगला?" नाथाजी म्हणाले. "आनि दुसरं पावनं कसं हाईत?"

"दुसरं कोण?"

"तुमच्या शेजारी हुतं की. उजव्या अंगाला."

भरतेशने कप खाली ठेवला. "काका, मी एकटा होतो. बाजूच्या जागेचा पट्टा रिकाम्या जागेवरसुद्धा लावलेलाच असतो. तो पाहून तुम्हाला वाटलं असेल."

"त्यो पट्टा मीच सोडला," नाथाजी म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. "जड हुता गडी. तुमाला आमी चौघांनी उचललं, त्याला मी धरून बांधावर बसवला. तोंड म्हनाल तर आठवत न्हाई. लय येळा आठवून बघितलं. मग गाडी आली, तुमाला आत घातलं, आनि त्यो तुमच्या पायाशी जाऊन बसला."

"आवं, सांगू नका त्यास्नी," अंबूबाई दारातून म्हणाल्या.

"सांगू दे की. घाबरायचं काय त्यात?" पण नाथाजींनी भरतेशकडे बघायचं टाळलं. "रगात न्हाई, खरचाटलं न्हाई. तुमी बेसुद. आनि त्यानं मला एवढंच इचारलं, आता परत कवा उडायचं?"

परतताना भरतेशने आरसा फिरवून ठेवला, मागचं दिसू नये म्हणून. चाक प्रत्येक खड्ड्यात घासत होतं. आष्ट्यापासून घरापर्यंत एकदाही मागे वळून बघायचं धाडस त्याला झालं नाही.

पुढचे दिवस तो भाग्यश्रीशी धड बोलला नाही. जेवण घरच्या रिवाजाप्रमाणे दिवस मावळायच्या आत व्हायचं. तो पाट सरकवून भिंतीला पाठ टेकून बसायचा, मागे कुणाला जागा राहू नये असा. ब्राह्मी गळ्यात पडायला आली की तिला बाजूला सारायचा. "बाबा असं का करतात?" तिने आजोबांना विचारलं. आजोबांनी तिला मूठभर बेदाणे दिले.

खरं म्हणजे त्याला भीती वाटायला हवी होती ती बरोबर आलेल्याची. तीही वाटत होतीच. पण त्याहून जास्त भीती त्याला बंगळूरच्या काट्याची वाटत होती. तिथे एकशे चौतीस आले तर काय सांगणार? पुन्हा तपासण्या, पुन्हा शेरे, आणि मग कायमचा बेदाणा. माणसाला एखादी गोष्ट फार हवी असली की त्याला दुसरं काही दिसत नाही, आणि भरतेशला तर आभाळच हवं होतं.

निघायच्या संध्याकाळी मिरजेला सोडणारी रिक्षा दारात येऊन थांबली. भाग्यश्री डबा आणायला आत गेली. पायरीवर ब्राह्मी चपलेचा पट्टा लावत बसली होती. भरतेश फाटकात उभा राहिला. शिकलेला-सवरलेला माणूस, आपण हे काय करतोय असं त्याला वाटलं. तरी तो रिकाम्या अंगणाकडे तोंड करून हळूच म्हणाला,

"माझ्याबरोबर येऊ नकोस. मला उडू दे. तू इथंच थांब."

काही झालं नाही. वारासुद्धा हलला नाही.

"मी थांबतेच आहे की," ब्राह्मी म्हणाली.

तो रिक्षात बसला. स्पीडब्रेकरवर रिक्षा हलकी उडाली आणि भरतेशचा जीव भांड्यात पडला.

बंगळूरला सगळं सुरळीत झालं. डोळे, कान, पाठ, गुडघा. वजनाच्या यंत्रावर चढताना त्याने डोळे मिटून घेतले होते. "एकाहत्तर," यंत्राजवळचा माणूस इंग्रजीत म्हणाला आणि त्याने लिहून घेतलं. खात्री करायला भरतेश पुन्हा चढला. एकाहत्तर. तो इतका हसला की त्या माणसाने त्याच्याकडे वळून पाहिलं. तंदुरुस्तीचा दाखला मिळाला. धावपट्टीवरून फोन आला, सोमवारी हजर व्हा, सरावासाठी विमान तयार ठेवतो.

तासगावला उतरल्यावर तो घरी न जाता पेढे घेऊन थेट शेडवर गेला. दिवस अजून बराच वर होता. बायका बेदाणा निवडून उठत होत्या, शेवटचे बॉक्स काट्यावरून उतरत होते. भाग्यश्रीही आलेली होती. त्याचा चेहरा पाहूनच तिला कळलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"झालं?"

"झालं. सोमवारपासून."

"आजोबा, मी!" ब्राह्मी ओरडली आणि तिने काट्यावर उडी मारली.

भरतेश पेढ्याचा पुडा सोडत होता. आण्णांची आरोळी आली नाही, म्हणून त्याने वर पाहिलं.

जयपालआण्णा काट्याकडे बघत उभे होते.

ब्याऐंशी.

"आजोबा, सांगा ना," ब्राह्मी म्हणाली.

भरतेशने पुडा खाली टाकला आणि तिला काट्यावरून उचललं. ती नेहमीसारखीच हलकी लागली. एकोणीस किलोची, घामाने ओलसर, केसांना खोबरेल तेलाचा वास.

शरीर खोटं बोलतं.

मागे काट्यावर शून्य आलं होतं. म्हणजे काट्यावर कुणी उरलेलं नव्हतं.

ब्राह्मीने त्याच्या गळ्यात हात टाकले. ती त्याच्या खांद्यावरून मागे कुठेतरी बघत होती.

"बाबा," ती म्हणाली, "आता परत कधी उडायचं?"

भाग्यश्री हसली. तिला ते लाडाचं वाटलं.

भरतेशला उजवीकडची जागा आठवली. तो दांडा, डावीकडे किती दाबला तरी विमान न सावरणारा. खालून वर येत गेलेला ऊस.

त्याला पळून जावंसं वाटलं. पण पोर कडेवर होती.

"सोमवारी," तो म्हणाला. तो ब्राह्मीशी बोलत नव्हता. "आपण दोघंच. हिला सोड."

"कुणाला?" भाग्यश्रीने विचारलं.

त्याने ब्राह्मीला पुन्हा काट्यावर उभं केलं आणि हात काढून घेतले.

आकडा चढला, हलला, थांबला.

"एकोणीस," जयपालआण्णा म्हणाले. ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले. ब्राह्मी टाळ्या पिटत उतरली आणि पेढे वेचायला धावली.

भरतेश तिथंच उभा होता, काट्यापासून एका पावलावर. जयपालआण्णांनी मुलाकडे पाहिलं, मग काट्याकडे.

मग त्यांनी हात लांब करून काट्याचा स्विच बंद केला.