हात केला की थांबायचं

घोटावड्याच्या विठ्ठलरावांनी आयुष्यात जीपची रिकामी सीट कधी मिरवली नाही. पौड रस्त्याला कुणी हात केला की गाडी थांबलीच. समोरचा ओळखीचा असो, प्यालेला असो, कोंबड्या घेऊन असो, विठ्ठलराव म्हणणार, "या, बसा." यात पुण्यकर्मापेक्षा चौकशीचा वाटा मोठा. पौडाहून घर येईपर्यंत बसलेल्याची सोयरीक, भावकी आणि सातबारा त्यांना तोंडपाठ झालेला असे. त्यांची लेक जुईली त्या जीपच्या मागच्या सीटवर वाढली. बाराखडीच्या आधी तिला "या, बसा" आलं.

याच विठ्ठलरावांनी रस्त्याकडेची जमिनीची पट्टी विकून पोरीला विमान शिकायला घातलं, तेव्हा भावकीला चघळायला विषय मिळाला. "पोरगी आभाळात, पट्टी पाताळात," चुलता म्हणाला. भाडेकरूच्या पंख्याचा सुद्धा हिशेब ठेवणारी ही माणसं विठ्ठलरावांना आता व्यवहार शिकवू लागली. म्हणून आजची फेरी जुईलीच्या एकटीच्या जिवाची नव्हती. नकाशावरून वाट काढत एकटीने मुळशी धरण गाठायचं, आणि पौड-घोटावड्यावरून विमानतळावर परत यायचं. फसली तर पुढचं शिक्षण लांबणार, आणि विकायला आता घराखालचीच जमीन उरली होती.

"गच्चीवर तुझ्या आईची लाल गोधडी पसरतो," विठ्ठलराव फोनवर म्हणाले होते. "घर वळखायला."

"मला आपलं घर ओळखू येतं, बाबा."

"वरनं सगळीच सारखी दिसत्यात. पसरतो."

निघताना प्रशिक्षक निरंजन सरांनी शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा स्वतः ओढून पाहिला. एकट्याने उडताना तो आवळून ठेवायचा, नाहीतर लोंबतो आणि विमान वळवायच्या दांडीत अडकतो. पट्टा सीटला चिकटून बसला होता.

"आधी घड्याळ, मग नकाशा, मग जमीन," सर म्हणाले. "उलटं केलंस, तर जमीन तुला वाट्टेल ते दाखवेल."

जुईलीने उलटं काहीच केलं नाही, हे पुढच्या सगळ्यात ध्यानात ठेवायला हवं.

धरण वेळेवर आलं. थंडीचे दिवस, पाणी तुडुंब, डोंगरांच्या सावल्यांनी कडेला काळं पडलेलं. वाऱ्याचा मागमूस नव्हता. वळायची जागा जवळ आली आणि तिला पाण्याच्या ऐन मध्यावर एक माणूस उभा दिसला.

होडी नव्हती. खडक नव्हता. डोक्यावरून घोंगडी घेतलेला माणूस पाण्यावर उभा होता आणि त्याने हात वर केला होता.

तिने घड्याळ पाहिलं. नकाशा पाहिला, तिथे निळा रंग होता. मग खाली पाहिलं. माणूस होता. एवढ्या उंचीवरून म्हैससुद्धा मोहरीएवढी दिसते, पण याच्या हाताची बोटं वेगवेगळी दिसत होती. पौड रस्त्याला करतात तसाच हात, घाई नसलेला, गाडी थांबणारच अशा खात्रीचा.

"या, बसा," तिच्या तोंडून निघून गेलं.

मग ती स्वतःशीच हसली. वळण घेतलं. पाण्यावर आता कुणी नव्हतं.

पौडाच्या दिशेला लागताच विमान उजवीकडे कलू लागलं. तिने सावरलं, पुन्हा कललं. वाऱ्यामुळे असेल म्हणावं, तर वारा नव्हता. इंजिन पूर्ण ताकदीवर होतं, तरी उंची उतरत होती. बंद काचांच्या आत भिजलेल्या घोंगडीचा कुबट वास भरला.

तिने शेजारी पाहायचं टाळलं. मग पाहिलं.

सीट रिकामी होती. पट्टा मात्र सैल झाला होता. माणसाचं पोट मावेल एवढा पुढे येऊन, हवेत, ताणलेला.

रेडिओवर नेहमीचा प्रश्न आला. विमानात किती जण?

"एक," ती म्हणाली.

शेजारी कुणीतरी हलकेच खाकरलं. हिशेबातून वगळलेला माणूस खाकरतो, तसं.

समोर डोंगराची धार होती. तिच्या पलीकडे पौड. धार वर चढत होती, की आपण खाली जात होतो? तिने दांडी दोन्ही हातांनी धरली. धारेवरची झाडं एकेक मोजता आली असती. विमान कसंबसं पलीकडे गेलं आणि तसंच खाली बसत राहिलं.

"कुठं उतरणार?" तिने विचारलं. बाबा विचारायचे, त्याच आवाजात.

पट्टा करकरला.

घोटावडं आलं. कारखान्यांचे पत्रे, शेतं, घरं. घरांमध्ये लाल ठिपका.

तिला दुसरं काही सुचलं नाही.

"हितं उतरा," ती म्हणाली.

विमान एकदम वर उसळलं.

पट्टा सीटवर मोकळा पडला होता. वास गेला होता. जुईलीने रडत रडत घड्याळ पाहिलं, नकाशा पाहिला, जमीन पाहिली, आणि वेळेवर उतरली.

"झकास," निरंजन सर म्हणाले. त्यांनी आत डोकावून ओल्या सीटवर हात फिरवला. "पाणी सांडलंस का गं?"

तिने घरी फोन लावला.

"दिसली का गोधडी?" विठ्ठलराव खुशीत होते. "आन् पाव्हणं पोचलं बरं का."

"कोण पाहुणे?"

"तू सोडलेलं. गच्चीवरनं जिन्यानं खाली आलं. लेकीनं दारात उतरवलं म्हणत्यात. पार निथळत्यात बिचारं. सोयरीक इचारली, तर आपल्याच भावकीतलं निघालं की."

"बाबा, तुम्ही दोघं घराबाहेर या. आत्ताच्या आत्ता."

"च्या प्यायचाय अजून. असं उठून जात्यात व्हय?"

"आईला फोन द्या."

"आई वर हाय. परत जाताना लेकीची शीट रिकामी नगं, आसं कायतरी पाव्हणं म्हणालं तिला." विठ्ठलराव नुसतंच सांगितल्यासारखं म्हणाले, "तवाधरनं गच्चीवर उभी हाय. हात वर करून."