हातांची भिंत

राजवाड्यात लग्न ठरलं की सगळ्यात आधी बोलावणं जायचं ते चुना लावणाऱ्याला. पत्रिका, दागिने, मेजवान्या हे सगळं मागाहून. पश्चिमेकडच्या दालनात हातांची भिंत होती, ती आधी पांढरीशुभ्र व्हायला हवी.

घराण्यात आलेल्या प्रत्येक राणीचा उजवा हात त्या भिंतीवर होता. प्लास्टरमध्ये ओतलेला, मनगटापर्यंतचा, तळवा पुढे केलेला. सुनेचा हात भिंतीवर चढला की मगच लग्न, असा शिरस्ता होता. हात नाही तर लग्न नाही, मग युवराज कितीही आदळआपट करोत. प्रत्येक लग्नाला एक थर, असा चुना चढून चढून जुन्या हातांची बोटं सुजल्यासारखी दिसत.

हात ओतायचं काम शिल्पकारबाईंकडे त्यांच्या गुरूंकडून आलं होतं. आत्ताच्या राणीसाहेबांचा हात गुरूंनीच ओतलेला. बाई कामाला चोख आणि बोलायला फटकळ होत्या. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की त्यांना जांभई यायची. प्लास्टरमध्ये पाणी पडलं की ते आवळतं, आवळताना गरम होतं, आणि तासाभरात गार पडतं. जगात चमत्कार असेलच तर तो एवढाच, असं त्या म्हणायच्या.

होणारी सूनबाई आली ती उड्या मारत जिना चढून. समुद्रापलीकडच्या देशातली, पेशानं डॉक्टर, रंगानं गडद काळी. युवराजांकडून भाषा शिकली होती आणि चुकत-माकत का होईना, न लाजता बोलत होती. मागे खासगी कारभारी उभे होते. तिच्यासाठी खुर्ची ओढली त्यांनी, पण तिचा हात खुर्चीला लागताच आपला हात पटकन उचलला. बाईंना ते दिसलं. मुलीलाही दिसलं असावं, कारण ती उगाच हसली.

"यात घालू? पूर्ण?" बादलीतल्या लगद्याकडे बघत तिनं विचारलं.

"मनगटापर्यंत. आणि मी सांगेपर्यंत हलायचं नाही. दंतवैद्य दातांचा साचा घेतात ना, तसाच लगदा आहे. रबरासारखा घट्ट झाला की हात काढायचा."

मुलीचा हात पुसताना बाईंनी तो नीट पाहिला. लांब, निमुळती बोटं. अंगठ्याच्या बुडाशी नखाच्या चंद्रासारखा भाजल्याचा व्रण.

"लहानपणी किटलीला चिकटले होते," मुलगी म्हणाली. "आजी रडली. मी नाही."

हात सुरेख उतरला. व्रणसुद्धा जसाच्या तसा. पांढऱ्या प्लास्टरमधला तो हात मुलीनं उलटून पालटून पाहिला. मग म्हणाली, "हा माझाच आहे ना? मग मी चालेन आता यांना?"

बाईंनी तो हात जपून टेबलावर ठेवला.

ती गेल्यावर राणीसाहेब आल्या. टेबलावरचा हात त्यांनी बराच वेळ न्याहाळला, पण शिवल्या नाहीत.

"हा फोडून टाका."

"काय चुकलं, राणीसाहेब?"

"चुकलं काही नाही. मुलगी गुणी आहे, शिकलेली आहे. रंगाचं मला काही नाही, बाई. पण ती भिंत माझ्या आधीची आहे. तिथं हा हात मी लावू देणार नाही."

"प्लास्टर पांढरंच असतं, राणीसाहेब. बघणाऱ्याला काय कळणार?"

"मला कळेल ना." राणीसाहेबांनी बाईंच्या हाताकडे पाहिलं. "तुमचा हात गोरा आहे. तोच ओता आणि लावा. त्यांचं लग्न होईल, माझी भिंतही राहील. बोलायचं कुणाशीच नाही."

बाईंनी नाही म्हणायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण त्या दालनात आजवर कुणी नाही म्हटलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं, आणि आयत्या वेळी अवसान गळालं. त्यांनी हातोडी उचलली. पहिला घाव व्रणावर बसला तेव्हा त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

मग नवा लगदा कालवून त्यांनी स्वतःचा हात बादलीत घातला. त्यांचा हात आखूड, मजुरासारखा रुंद. करंगळी एकदा दाराच्या फटीत सापडून वाकडी झालेली. हात काढला, साच्यात प्लास्टर ओतलं, गरम होऊन गार पडेपर्यंत राणीसाहेबांसमोर बसून राहिल्या. मग साचा सोलायला घेतला.

आधी करंगळी निघाली. ती सरळ होती.

बोटं लांब होती. निमुळती. अंगठ्याच्या बुडाशी चंद्रासारखा व्रण होता.

"तिचाच साचा वापरलात तुम्ही," राणीसाहेब म्हणाल्या.

"तो तर फाटला. सोलताना फाटतोच, प्रत्येक वेळी." कोपऱ्यातल्या टोपलीत जुन्या साच्याच्या चिंध्या पडल्या होत्या. त्या बाईंनी उचलून दाखवल्या.

बादली बदलली. पाणी बदललं. लगद्याचं नवं पाकीट फोडलं. या वेळी बाईंनी वाकडी करंगळी साच्यात मुद्दाम दाबून धरली. हात काढल्यावर आत डोकावून पाहिलं, तर करंगळीची पोकळी वाकडीच होती. राणीसाहेबांनाही दाखवली. दोघींनी पाहिली.

हात निघाला तो त्या मुलीचा.

"मला मूर्ख बनवताय?" राणीसाहेबांचा आवाज चढला. त्यांनी बोटातली अंगठी काढून टेबलावर आपटली, बाही वर सारली. "कालवा. माझा हात घाला."

बाईंनी कालवला. राणीसाहेबांचा गोरा, निळ्या शिरांचा हात लगद्यात गेला आणि बाहेर आला. साचा भरला. दोघी बसून राहिल्या. खिडकीतून दुपारचं ऊन टेबलावर आलं होतं. बाहेर कुणीतरी मांडवाच्या खांबांवरून मजुरांना झापत होतं.

साचा राणीसाहेबांनी स्वतः सोलला.

लांब बोटं. चंद्रासारखा व्रण.

त्या ओरडल्या नाहीत. व्रणावरून त्यांनी बोट फिरवलं, परत फिरवलं. चेहरा आधी पांढराफटक पडला. मग त्यावर असं काही आलं, की राणीसाहेब कधीतरी नवी नवरी म्हणून इथे आल्या असतील हे बाईंना पहिल्यांदाच खरं वाटलं.

"चला," त्या म्हणाल्या. "तुमची पटाशी घ्या."

भिंतीवरचा शेवटचा हात त्यांचा स्वतःचा होता, लग्नाच्या वेळचा. "अंगठ्यापाशी खरवडा."

नवा चुना सहज निघाला. खाली प्लास्टर आलं. त्यात व्रण होता.

"तुमच्या गुरूंनी विचारलं होतं मला," राणीसाहेब हळू आवाजात म्हणाल्या. "हात ओतून झाल्यावर. म्हणाले, हा भाजल्याचा डाग कशाचा, सूनबाई? मी माझा हात दाखवला. काही नव्हतं हो त्यावर. म्हातारा झालाय, डोळे गेलेत, म्हणून मी हसले त्यांना. सगळ्यांसमोर हसले."

बाईंनी मनाशी हिशेब केला. ती मुलगी तेव्हा जन्मलीही नव्हती.

शेजारचा हात सासूबाईंचा. मग त्यांच्या सासूबाईंचा. बाई खरवडत गेल्या. चुन्याचे पापुद्रे जाड होत गेले. हात वेगवेगळे होते. कुठला गुबगुबीत, कुठला हडकुळा, कुठला अगदी कोवळ्या पोरीचा. व्रण मात्र प्रत्येकावर होता आणि प्रत्येक वेळी तो चुन्याच्या तळाशी, मूळ प्लास्टरमध्येच होता. बाईंना भीती वाटायची राहून गेली. देवळात गेल्यासारखं त्या आपोआप हळू आवाजात बोलू लागल्या.

"पहिल्या राणीचा राहिला," त्या म्हणाल्या.

"नको." राणीसाहेब खाली बसल्या होत्या, थेट फरशीवर, भिंतीला टेकून. "तिचाच हात लावा. त्या मुलीचा. मी कोण नाही म्हणणार?"

दारात चाहूल लागली. मुलगी उभी होती. फरशीवर बसलेल्या सासूला बघून ती आधी डॉक्टरसारखी धावली, नाडी बघायला त्यांचा हात धरला. राणीसाहेबांनी तो सोडवून घेतला नाही. उलट दुसऱ्या हातानं मुलीचा हात धरून ठेवला, घट्ट.

"तुमचं काम झालं का?" मुलीनं बाईंना विचारलं. "माझा हात कुठे लावणार?"

बाईंनी रिकामी जागा दाखवली. मुलीनं भिंतीवरून नजर फिरवली. मग उठून ती टोकाला गेली, जिथे पहिल्या राणीचा हात चुन्यात पार गाडला गेला होता, आणि भेटल्यावर टाळी देतात तसा तिनं आपला तळवा त्या तळव्याला लावला. लगेच मागे घेतला.

"हा आजच केलात?"

"नाही गं. सगळ्यात जुना आहे तो. का?"

मुलीनं तळवा परत लावून पाहिला.

"अजून गरम आहे," ती म्हणाली.