हातपंपाजवळची फुली

जिन्याच्या वळणावर सुनंदा त्याच्यावर आदळता आदळता राहिली. चादरीत काहीतरी गुंडाळून तो जपून एकेक पायरी चढत होता.

“बाळ आहे का हो?”

“कॉम्प्युटर...” तो लाजला. “पण बाळासारखाच जपावा लागतो.”

जळगावच्या त्या छोट्या संस्थेत एचआयव्ही रोखण्याचं काम चाले. सुनंदा रेल्वेलाइनपलीकडच्या झोपडपट्टीत फिरून बायकांना रक्त तपासून घ्यायला तयार करी. असोद्याहून येणारा भाईदास ती माहिती कॉम्प्युटरवर चढवी. दोघांची नजरानजर होई, आणि तिला राग येई. महिना झाला, हा मुलगा कॉम्प्युटरखेरीज दुसरं काही बोलेल तर शपथ!

एका दुपारी त्याने वस्तीचा नकाशा छापला. लागण असलेल्या प्रत्येक घरावर फुली. संस्थेचे साहेब तो उद्याच्या सभेत, वस्तीतच, भिंतीवर लावणार होते.

“कसा झालाय?” त्याने हळूच विचारलं.

“तुम्हाला काही कळतं का हो?”

“पण... नाव एकाचंही नाही.”

“हातपंपाला लागून घरं किती? एक! नाव कशाला हवंय? घरमालक तिथल्या तानुबाईला उद्याच बाहेर काढेल. चला माझ्याबरोबर!”

रणरणत्या उन्हात तिने त्याला वस्तीत नेलं. हातपंपाशी तानुबाई हंडा भरत होती.

“हाऊ कोन शे वं?”

“आमच्या ऑफिसातले, मावशी.”

तानुबाईने त्याला पाण्याचा तांब्या दिला, मग सुनंदाजवळ सरकून पुटपुटली, “तुना भरोसावर रगत दिधं, पोरी. कोणले समजाले नको.”

तांब्या भाईदासच्या हातात तसाच राहिला.

परतल्यावर त्याने नकाशा फाडला आणि लागणीचा एकच आकडा छापला — सगळ्या वस्तीचा मिळून. साहेब कडाडले, “आणि नकाशा?”

“माझी चूक होती, साहेब. तो लावायचा असेल तर मी काम सोडतो.”

साहेब बराच वेळ धुसफुसले. शेवटी त्यांनी सभेसाठी तो एक आकडाच फायलीत ठेवला.

संध्याकाळी बसथांब्यावर सुनंदा त्याच्यावर खेकसली, “नोकरी पणाला लावायची काय गरज होती? मला बोलवायचं, मी भांडले असते!”

“तुम्ही रोजच भांडता...” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “मला ते... म्हणजे, जन्मभर चालेल.”

“काय?”

“म्हणजे... माझं म्हणणं असं, की—”

“अहो, बोला लवकर! माझी बस आली.”

“जाऊ द्या ना... एक बस.”

बस थांबली. कंडक्टरने दोनदा हाक मारली. कपाळाला आठ्या घालून सुनंदा जागची हलली नाही.

“गेली बस. आता तरी बोला!”